पहिली शिडाची बोट निवडताना: आधी जमिनीवरचा हिशेब

बोट घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाण्यावरचं चित्र असतं. फुगलेलं शीड, एका बाजूला कललेली बोट, तोंडावर उडणारे तुषार. पुढे तीच बोट वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहते ती मात्र जमिनीवरच्या कारणांनी. ती हलवायला चार माणसं लागतात, उभी करायला दीड तास जातो, डोलकाठी ठेवायला जागा नसते, आणि एका किरकोळ भागापायी सगळा हंगाम हातचा जातो. म्हणून निवड करताना आधी जमिनीवरचा हिशेब मांडावा आणि पाण्यावरच्या गुणांकडे नंतर वळावं. पहिल्या वर्षात जी बोट चाळीस वेळा पाण्यात उतरेल ती चांगली. चार वेळा उतरणारी बोट कितीही वेगवान असली, तरी शिकणाऱ्याच्या कामाची नाही.

बोट बघायला जाण्याआधी

पहिला प्रश्न पाण्याचा. चहूबाजूंनी बंदिस्त तलाव, नदीचं मुख आणि उघडा समुद्र ही तीन वेगळी पाणी आहेत आणि त्यांना बोटीही वेगळ्या लागतात. डोंगरांनी वेढलेल्या तलावात वारा एका दिशेने वाहत नाही, झोतांनी येतो. तिथे शीड झटकन सैल सोडता येईल अशी बसकी, रुंद बोट हवी. भरती-ओहोटीच्या खाडीत प्रवाहाचा विचार आधी. मंद वाऱ्यात छोटी बोट ३ ते ४ नॉट वेगाने चालते (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). समोरून २ नॉटचा प्रवाह आला की निम्मा वेग तिथेच गेला, आणि वारा पडला तर बोट उलटी वाहू लागते. अशा ठिकाणी वल्हं मारता येईल किंवा छोटं इंजिन लावता येईल अशीच बोट बघा.

वाऱ्याचे आकडेही माहीत असू द्या. ७ ते १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १३ ते १९ किलोमीटर, हा शिकण्याचा वारा. ११ ते १६ नॉटला लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसतो आणि नवशिक्याने किनाऱ्याकडे वळायची वेळ होते. तुमच्या पाण्यावर दुपारी नेहमीच १५ नॉट वारा असेल, तर छोट्या शिडाचा पर्याय असलेली किंवा शीड आखडता येणारी बोट हवीच.

दुसरा प्रश्न जागेचा आणि वजनाचा. ४० किलोपर्यंतची बोट दोघं जण गाडीच्या टपावर चढवू शकतात. ६० किलोची बोट दोघं उचलतात, पण रोज उचलायचा कंटाळा येतो. तिला हाताने ओढायची दोन चाकांची ट्रॉली लागते. बोट १०० किलोच्या पुढे गेली, की वाळूतून किंवा चढाच्या उतरंडीवरून (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावरून) एकट्याने वर आणणं विसरा. डोलकाठी एकसंध असेल तर ती पुष्कळदा ६ मीटर किंवा जास्त लांब असते, आणि ती जिन्यात, गॅलरीत किंवा छोट्या गॅरेजमध्ये मावत नाही. दोन तुकड्यांची डोलकाठी हा वरवर किरकोळ वाटणारा फायदा पुष्कळदा निर्णय फिरवतो.

उतरंडीच्या वर किंवा बोट उभी करण्याच्या जागी विजेच्या तारा आहेत का, हेही याच वेळी वर मान करून बघून घ्या. डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. उभी डोलकाठी तारेला लागून माणसं दगावली आहेत.

तिसरा प्रश्न, बरोबर कोण येणार? ‘घरातले सगळे येतील’ हे उत्तर खरेदीच्या आधी सगळेच देतात. पहिले चार रविवार उत्साह असतो, मग पाण्यावर जाणारा एकटाच उरतो. म्हणून नियम असा धरा, की दोघांसाठी घेतलेली बोट हलक्या वाऱ्यात एकट्यालाही चालवता आली पाहिजे. दुसरा आल्याशिवाय हलतच नाही अशी बोट पहिली म्हणून नको.

चौथा प्रश्न जरा अडचणीचा आहे. तुम्ही आणि तुमची माणसं भिजायला, पाण्यात पडायला तयार आहात का? किल, म्हणजे तळाला बसवलेला वजनदार पंख, नसलेली छोटी बोट उलटते. शिकताना तर हमखास उलटते, आणि त्यात काही बिघडत नाही. पण घरातल्या कोणाला पाण्यात पडण्याची धास्ती असेल, तर हलकी, चपळ बोट घेऊन त्या माणसाला बोटीपासून कायमचं तोडण्यात अर्थ नाही. रुंद आणि जड बोट घ्या.

कोणता प्रकार

एकट्या माणसाची डिंगी, म्हणजे छोटी उघडी बोट, सगळ्यात सोपी. एक शीड, डोलकाठीला आधाराच्या तारा नाहीत, पंधरा-वीस मिनिटांत तयार. इल्का, म्हणजे पूर्वीची लेझर, ४.२३ मीटर लांब आणि नुसतं हल (बोटीचं रिकामं धड) सुमारे ५९ किलो. २०१९ पासून ती इल्का या नावाने ओळखली जाते, त्यामुळे जुन्या जाहिरातींत ‘लेझर’ आणि नव्या जाहिरातींत ‘इल्का’ दिसलं तर गोंधळू नका. हिची खरी सोय अशी, की त्याच हलवर तीन आकारांची शिडं बसतात: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. शीड बदलताना डोलकाठीचा खालचा तुकडाही बदलावा लागतो. साधारण ५५ किलोपर्यंतच्या माणसाने सगळ्यात छोटं शीड घ्यावं, ५५ ते ७० किलोच्या माणसाने मधलं, आणि त्याहून जड असाल तर मोठं. विक्रेत्याकडे बहुतेक वेळा मोठंच असतं. पहिल्या वर्षात ७० किलोहून थोड्या जड माणसानेही मधल्या शिडावर शिकलेलं बरं. ही बोट चपळ आहे, बसायला अवघड आहे आणि गुडघे दुखवते, हेही सांगायला हवं. तेवढीच लांब, पण जास्त बसकी आणि शांत बोट हवी असेल तर सनफिश. तिचं तिरक्या काठीवरचं लॅटिन शीड बुटकं असल्यामुळे जोर कमी उंचीवर लागतो आणि बोट कमी कलते.

मुलांसाठी ऑप्टिमिस्ट आहे. १९४७ मध्ये क्लार्क मिल्स यांनी आखलेली २.३ मीटरची चौकोनी पेटी, ३५ किलोची. मोठ्या माणसाने त्यात बसायचा मोह टाळावा. मूल दहा-बारा वर्षांचं असेल, तर त्याची उंची किती झपाट्याने वाढते आहे ते बघून घ्या. दोन हंगामांत बोट लहान होते. टॉपर ही ३.४ मीटरची प्लास्टिकची बोट त्यानंतरच्या वयाला चालते, आणि हलक्या मोठ्या माणसालाही.

दोघा-तिघांसाठी ४ ते ५ मीटरची, पुढे जिब नावाचं छोटं शीड आणि मागे मुख्य शीड असलेली स्लूप घ्या. त्याहून लहान, मिरर या ३.३ मीटरच्या प्लायवूडच्या बोटीत एक मोठा आणि एक लहान व्यवस्थित मावतात. तिच्या काठ्या इतक्या आखूड असतात की सगळं सामान बोटीतच बसतं. वेफेअरर ही ४.८२ मीटरची, सुमारे १७० किलोची. इतकी सोशिक, की १९६३ मध्ये फ्रँक डाय यांनी असल्या उघड्या बोटीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं. तुम्ही तसलं काही करू नका. मुद्दा एवढाच, की या जातीची बोट चुका पोटात घालते. पण १७० किलो लक्षात ठेवा. चांगली उतरंड आणि दुसरा माणूस नसेल तर तिचे सगळे गुण वाया.

होबी १६ सारखी दोन हलांची कॅटामरान स्वस्तात मिळाली की मन चळतं. ती वेगवान आहे आणि वाळूवरून उतरवायला उत्तम. पण वाऱ्याच्या दिशेला नाळ (बोटीचं पुढचं टोक) वळवताना ती मध्येच अडकते, आणि उलटली की एकट्या हलक्या माणसाला सहसा सरळ करता येत नाही. शिवाय ती २.४ मीटर रुंद, त्यामुळे ठेवायला जागा जास्त लागते. दुसरी बोट म्हणून छान.

तळाला वजनदार स्थिर किल असलेली छोटी केबिनची बोट मनात असेल, तर आधी तिचा तळ कुठे टेकणार ते ठरवा. जवळपास मीटरभर खोल पाणी, कायमचा नांगरतळ, वर्षातून एकदा बाहेर काढणं, तळाला शेवाळरोधक रंग, आणि बहुधा इंजिन. बोट सहसा उलटत नाही ही सोय खरी, पण नांगरतळाचं भाडं वर्षानुवर्षं भरावं लागतं आणि काही वर्षांत ते बोटीच्या किमतीच्या पुढे जातं. शिवाय चूक झाली की छोटी बोट लगेच थप्पड मारते, मोठी बोट हळूच दुर्लक्ष करते. शिकायचं असेल तर थप्पड मारणारी बरी.

आमचं मत सरळ आहे. पहिली बोट साडेतीन ते पाच मीटरची, तळाची फळी (बोट आडवी वाहू नये म्हणून पाण्यात सोडायची) वर-खाली होणारी, तुमच्या पाण्यावर आधीपासून चार-पाच जणांकडे असलेली आणि सुटे भाग मिळणाऱ्या जातीची असावी. चार-पाच जणांकडे असण्याचा मुद्दा सगळ्यात कमी लेखला जातो. कोणता दोर कुठून ओवायचा हे सांगणारा माणूस शेजारी असणं पाच-दहा किलोच्या फरकापेक्षा मोलाचं. अनोळखी जातीची बोट निम्म्या किमतीत मिळाली तरी तिचं सुकाणू मोडल्यावर नवं कुठून आणणार?

फळी, सुकाणू, शीड

तळाची फळी दोन प्रकारची. डॅगरबोर्ड सरळ वर ओढून काढायचा असतो. साधा, हलका, पण उथळ पाण्यात आपटला तर फळी किंवा ती ज्यात बसते ती पेटी फुटते. सेंटरबोर्ड खिळीवर फिरतो आणि तळाला लागला की आपोआप वर उचलला जातो. दगडाळ किंवा सतत पातळी बदलणाऱ्या पाण्यात सेंटरबोर्डच घ्या. सुकाणूचं पातंही वर उचलता येणारं हवं, नाहीतर किनाऱ्याला लागताना पहिल्यांदा तेच मोडतं.

शीड आखडायची सोय आहे का, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) डोक्यावरून किती उंचीवरून जातो, आणि डोलकाठी एकट्याला उभी करता येते का, एवढं शिडाच्या बाबतीत पुरे. बाकीचे दोर आणि कप्प्या शर्यतीसाठी असतात. बोटीत जितक्या जास्त दोऱ्या दिसतील तितकी ती पहिली बोट म्हणून कमी योग्य समजा.

कशाची बनलेली

फायबरग्लास टिकाऊ आणि घरी दुरुस्त करता येण्याजोगं. त्यातही भरीव थराचं हल सोशिक असतं. आत फोम असलेलं सँडविच हल हलकं आणि ताठ, पण फोमपासून थर सुटला की तिथे मऊ पडतं. प्लायवूडची बोट हलकी आणि देखणी, मात्र ती कोरडी आणि झाकून ठेवावी लागते आणि दर एक-दोन वर्षांनी रंग-व्हार्निश मागते. साच्यात फिरवून बनवलेलं पॉलिएथिलीन दगडावर आपटलं तरी फारसं बिघडत नाही. पण ते जड असतं, त्यावर गोंद किंवा रेझिन नीट चिकटत नाही, आणि उन्हात चुकीच्या आधारावर ठेवलं तर तळाला खड्डा पडतो. मुलांनी वापरायची, दगडाळ किनाऱ्यावरची बोट असेल तर प्लास्टिक. इतरांनी फायबरग्लास घ्यावं. प्लायवूड ज्यांना सुतारकामाची आवड आहे त्यांनीच. बोट बांधायची हौस वेगळी आणि चालवायची वेगळी. दोन्ही एकाच वर्षी भागवायला गेलात तर पाण्यावर जाणं होणार नाही.

पैसे

पहिली बोट जुनीच घ्या. नवी बोट पहिल्या दोन वर्षांत किमतीत सगळ्यात जास्त उतरते, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत तुम्ही ती सगळ्यात जास्त आपटणार असता. सांभाळून वापरलेली जुनी बोट दोन वर्षांनी जवळपास तेवढ्यालाच विकली जाते.

हाताशी असलेल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यात बोट शोधा. त्या चौथ्या हिश्शात जीवरक्षक जाकिटं, नवे दोर, दोन-चार कप्प्या, ट्रॉलीची चाकं, झाकण आणि विमा येतो. नवं शीड त्यात बसेलच असं नाही. जुन्या डिंगीच्या बाबतीत एका नव्या शिडाची किंमत बोटीच्या किमतीच्या बरीच जवळ जाते. म्हणूनच फाटकी शिडं आणि मोडकी ट्रॉली असलेली ‘जवळपास फुकट’ बोट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. किंमत ठरवताना आधी शिडं, मग डोलकाठी, मग ट्रॉली बघा. हलचं मोल बहुतेक वेळा या तिघांपेक्षा कमी भरतं.

हंगाम संपताना विकणारे जास्त आणि घेणारे कमी असतात. घाई नसेल तर तेव्हा घ्या, पण चाचणीपुरता वारा आणि ऊब असेपर्यंतच.

तपासणी

दिवसाउजेडी जा, बोट कोरडी असताना. बरोबर टॉर्च, जाड नाणं, न्हाणीघरातला वजनकाटा, सुती फडकं, पाण्याची बाटली, साबणाचं पाणी आणि आरसा घ्या. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की बोट तुमच्या समोर, पूर्ण शिडांसह उभी करून दाखवायची आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं. सुट्या भागांच्या ढिगाऱ्यात काय हरवलं आहे ते कळत नाही. उभ्या बोटीत कळतं. तो उभी करत असताना घड्याळ लावा आणि प्रत्येक गाठीचा, प्रत्येक कप्पीचा फोटो काढा. विक्रेत्यालाच एक तास लागला तर तुम्हाला दीड लागणार.

सुरुवात वजनापासून करा, कारण एकाच आकड्यात पुष्कळ काही कळतं. नाळेखाली आणि मागच्या टोकाखाली सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवा. काटा आधी एका ठोकळ्याखाली, मग दुसऱ्याखाली घ्या. काटा नसेल त्या टोकाला तेवढ्याच जाडीची फळी लावा, म्हणजे बोट सपाट राहील. ठोकळ्याचं वजन वजा करून दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे बोटीचं वजन. त्या जातीच्या ठरलेल्या वजनापेक्षा दहा टक्के जास्त भरलं तर आत पाणी किंवा जुन्या दुरुस्त्या आहेत असं समजा आणि किंमत पाडा. वीस टक्के जास्त असेल तर उठून या. सनफिशसारख्या जुन्या बोटींत आतले फोमचे ठोकळे पाणी पितात, आणि ते वाळवायला छिद्र पाडून आठवडेच्या आठवडे हवा खेळवावी लागते.

मग हल. तळहाताने आणि अंगठ्याने डेक सगळीकडे दाबा, नंतर अनवाणी पायाने बसायच्या जागेत उभे राहा. कुठे दबलं किंवा चरचरलं तर खडूने खूण करा. त्याच भागावर नाण्याने ठोका. चांगला थर टक्‌टक् वाजतो, सुटलेला थप्‌थप्. तळहाताएवढा मऊ भाग इपॉक्सी भरून दुरुस्त होतो. पण डोलकाठीच्या पायाशी, तारा जिथे हलला बांधतात तिथे, किंवा फळीच्या पेटीच्या कडेला मऊ लागलं तर ती बोट सोडा. कॅटामरानमध्ये पुढच्या आडव्या नळीच्या पुढचा डेक सगळ्यात आधी मऊ होतो. वरच्या चकाकत्या थरातल्या केसासारख्या भेगा सगळ्या जुन्या बोटींत असतात. त्या एकाच बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या असतील तर तिथे मार बसलेला आहे. एकमेकींना समांतर असतील तर तो भाग वाकत राहतो. नव्या रंगाची मात्र शंका घ्या. जुन्या बोटीला विकण्याच्या आठवड्यात रंग दिला जातो तो काहीतरी झाकायलाच.

प्लायवूड असेल तर मालकाची परवानगी घेऊन दाभणाचं टोक दिसत नसलेल्या कोपऱ्यांत दाबा: मागच्या उभ्या फळीचे आतले कोपरे, पेटीची मुळं, पायाखालच्या पट्ट्यांच्या खालचा भाग, हवेच्या टाक्यांची (बोट तरंगती ठेवणाऱ्या बंद कप्प्यांची) खाच. टोक सहज घुसलं तर लाकूड कुजलेलं आहे. काळे डाग म्हणजे पाणी आत शिरायला लागलं आहे. टाक्यांमध्ये आरसा आणि टॉर्च घालून बघा.

हवेच्या टाक्या हा बोटीचा जीव. त्या गळक्या असतील तर उलटलेली बोट सरळ होऊनही पाण्याखाली राहते. एक बूच सोडून बाकी सगळी बंद करा, त्या भोकात नळी घाला, तोंडाने हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती आहे. कॉम्प्रेसर कधीही लावू नका, डेक आणि हलचा जोड उसवतो. लेझरसारख्या बोटीत डोलकाठी ज्या नळीत बसते ती पाण्याने भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर नळीचा तळ गळतो आहे, आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस जोरदार वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येते.

डोलकाठी आडवी करून शिडाच्या खाचेतून बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघा. बाजूला वाकलेली चालणार नाही. पुढे-मागे किंचित बाक चालेल. ॲल्युमिनियममध्ये जिथे स्टीलचे रिव्हेट आहेत तिथे पांढरी पूड आणि फोड दिसतात. नखाने खरवडा. नुसती पूड निघाली तर ठीक, खड्डा पडला तर नाही. दोन तुकड्यांच्या डोलकाठीत वरचा तुकडा जोडाच्या कड्याजवळच्या रिव्हेटपाशी मोडतो. तिथे भेग आहे का ते भिंगाने बघा.

आधाराच्या स्टीलच्या तारांवरून सुती फडकं फिरवा, हाताचं बोट नव्हे. फडकं अडकलं तिथे तारेचा एक धागा तुटला आहे. एक धागा तुटला म्हणजे ती तार संपली, आणि बाकीच्याही त्याच वयाच्या. दहा वर्षांपेक्षा जुन्या तारा दिसायला कशाही असल्या तरी बदलायच्या खर्चात धरा. तारांची टोकं जिथे दाबून बसवलेली असतात तिथली बारीक भेग आणि गंज सगळ्यात वाईट.

शिडांकडे घाई करू नका. सपाट जागेवर पूर्ण पसरा. नवं कापड कागदासारखं कडकडतं, संपलेलं कापड जुन्या चादरीसारखं लुळं पडतं. शिवणीवर नख ओढा. दोरा तुटला तर उन्हाने जळलेला आहे. पुन्हा शिवून शीड वाचतं, कापड धड असेल तर. मागच्या कोपऱ्यातली कडी, बॅटनच्या (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) खिशांची टोकं आणि पारदर्शक खिडकी आधी जाते. ताणलेलं, पोटाळलेलं शीड बोटीला पुढे नेण्याऐवजी आडवं पाडतं. नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. शिकण्यापुरतं मध्यम शीड चालेल, लुळं नाही.

सुकाणू बसवून हलवा. कड्या आणि खिळ्यांमध्ये १-२ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर स्क्रूंचं लाकूड किंवा फायबर खाल्लेलं आहे. सुकाणू वर सरकू नये म्हणून लावलेली छोटी पट्टी आहे का ते बघा. ती नसेल तर बोट उलटल्यावर सुकाणू निघून तळाशी जातं. फळी पेटीत वर-खाली करा. अडकली तर पेटी फुगली आहे किंवा आत खडा आहे.

ट्रॉली आणि गाडीमागचा ट्रेलर हे वेगळे. ट्रेलरची चाकं खाऱ्या पाण्यात बुडवू नयेत. लांब रस्त्याने आलेलं गरम चाक थंड पाण्यात गेलं की बेअरिंग पाणी आत ओढून घेतं. चाक उचलून फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदलायचे. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपेक्षा जुना, बाजूला तडे गेलेला टायर रस्त्यात फुटतो, नक्षी कितीही शिल्लक असो.

पाण्यावरची चाचणी

७ ते १० नॉट वाऱ्यात, विक्रेत्याबरोबर, किमान तासभर. बोट सरळ चालत असताना टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) एक क्षण सैल सोडा. नाळ हळूच वाऱ्याकडे वळली तर उत्तम. जोरात वळली तर शीड लुळं आहे किंवा डोलकाठी फार मागे कलली आहे. वाऱ्यापासून दूर वळली तर काही तरी चुकलं आहे. दोन्ही दिशांना दहा-दहा वळणं घ्या. बूम डोक्याला लागतो का, गुडघे कुठे जातात, दोर हाताला सहज मिळतो का, हे तेव्हाच कळतं. शीड पूर्ण सैल सोडून बोट थांबते का ते बघा. थांबली पाहिजे.

मग किनाऱ्याजवळ, उबदार पाण्यात, जाकीट घालून बोट मुद्दाम उलटवा. विक्रेता नको म्हणाला तर कारण विचारा. तळाच्या फळीवर वजन देऊन ती सरळ होते का, आत किती पाणी राहतं आणि तुम्ही स्वतः परत चढू शकता का, हे तीन प्रश्न. चढणं सगळ्यात अवघड जातं. कडेला पाय ठेवायला दोराचा फास लावून बघा, पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो. बोट सरळ व्हायच्या आत डोलकाठी पाण्याखाली जाऊन ती पूर्ण पालथी पडत असेल, तर डोलकाठीच्या टोकाला बांधायचा फुगा खर्चात धरा.

बाहेर काढल्यावर टाक्यांची बुचं उघडा आणि आलेलं पाणी मोजा. तासाभरात पेलाभर आलं तर हरकत नाही. बादलीभर आलं तर साबणाच्या पाण्याने सापडली नाही अशी गळती आहे.

कागद आणि ताबा

हलवरचा क्रमांक, शिडावरचा क्रमांक आणि असतील तर जातीच्या संघटनेची कागदपत्रं एकमेकांशी जुळवा. हलवरचा क्रमांक खरवडलेला असेल तर बोट कितीही स्वस्त असो, घेऊ नका. नोंदणी आणि परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तुमच्या पाण्याचं नियंत्रण करणाऱ्या कार्यालयात पैसे देण्याआधी विचारा. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा घ्या. पावतीवर बोटीबरोबर मिळालेली प्रत्येक वस्तू लिहून घ्या: शिडं किती, फळी, सुकाणू, टिलर, दोर, ट्रॉली, झाकण, बुचं. ‘बाकीचं सामान नंतर देतो’ म्हणजे मिळणार नाही असं धरून किंमत ठरवा.

पहिल्या दिवसासाठी प्रत्येकाला अंगाला घट्ट बसणारं ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) तरंगक जाकीट घ्या. पोहता येत नसेल किंवा किनाऱ्यापासून लांब जाणार असाल तर १०० न्यूटन किंवा जास्त. बोटीत एक वल्हं, पाणी उपसायचं, बोटीला बांधलेलं भांडं, १० मीटर दोर, शिट्टी आणि दोर कापायची बोथट टोकाची सुरी ठेवा. आणि बुचांचा एक जादा जोड घ्या. एक जोड बोटीला दोरीने बांधा, दुसरा जाकिटाच्या खिशात. बूच लावायला विसरणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि बोट जड का वाटते हा प्रश्न किनारा बराच मागे पडल्यावर पडतो.